एक्सपिडायटर

सोहारच्या बंदरावर माझ्या पदाचं नाव
एक्सपिडायटर.
जालन्यात कुणाला सांगता येत नाही.
बायको म्हणते, ऑफिसात असतात.
मेहुण्यानं एकदा खोदून विचारलं, म्हणजे नेमकं काय करता?
घाई करतो, म्हटलं. महिन्याला साडेचारशे रियाल,
दुसऱ्यांनी घाई करावी म्हणून.

सकाळी सातला पहिलं क्रियापद काढतो,
काइंडली एक्सपिडाइट.
हे कडक इस्त्रीचं. इटलीला चालतं, कोरियाला चालतं,
कुणाला राग येत नाही
आणि कुणी हलतही नाही.
तिसऱ्या मेलला स्पीड अप, बाह्या वर सारलेलं.
हरी अप लेखी कधीच नाही. ते फोनवर,
आणि फोनवरही आपल्याहून धाकट्याला.
रश म्हटलं की लगेच विचारतात,
विमानाचं भाडं कोण भरणार?
अ‍ॅक्सिलरेट वरच्या मजल्यावर राहतं,
तक्त्यांत, हिरव्या बाणांत;
ते वेळापत्रकाला लावतात, माणसाला नाही.

हेसन मी एकदाच वापरलं.
इंजिनिअर मिधतनी तांबड्या पेननं काट मारली,
दिस इज फॉर डेथ, मिस्टर किराड.
नॉट फॉर व्हॉल्व्ह.

यार्डात मुराद बलुशीला यातलं काहीच लागत नाही.
यल्ला, म्हणतो,
आणि फोर्कलिफ्ट बंद करून चहा ओततो.

ऑगस्टात साडेबारा ते साडेतीन
उन्हात काम करायला बंदी.
माणसं कंटेनरच्या सावलीत आडवी होतात.
मी एसीत बसून मेल पाठवत राहतो,
क्रियापदांना ऊन लागत नाही.

त्याच आठवड्यात शिरोलीची फाउंड्री अडून बसली.
व्हॉल्व्हच्या बॉडी, चोवीस इंची, बारा नग.
माझे अकरा मेल. उत्तर दर वेळी तेच,
वुई आर ट्राइंग अवर लेव्हल बेस्ट,
खाली नाव, दुंडाप्पा चौगुले.
बाराव्याला फोनच लावला.
गुड मॉर्निंग झालं, डिलिव्हरी डेट झाली,
आणि तोंडातून निसटलं,
अहो चौगुले, उरका की आता!

पलीकडं मोटारीची घरघर तेवढी.
मग,
मराठी व्हय तुम्ही? मग आधी बोलायचं न्हाई का!
परवाच ओतलंय सायेब. वाळूत हाय.
पोरांस्नी सांगतो मी, पाय उचला म्हणून,
लोखंडाला पाय कुठनं आणू?
ते त्याच्या टायमानं निवतंय.
घाईनं साचा फोडला तर तडा जातोय,
आन त्यो हितं दिसत न्हाई,
तुमच्याकडं दाब दिल्यावर दिसतोय.

मी मेल लिहिला, कास्टिंग इज कूलिंग.
मिधतचं उत्तर चार मिनिटांत,
नोटेड. काइंडली एक्सपिडाइट.

रात्री शब्दकोश उघडला. नऊ वर्षांत पहिल्यांदा.
मूळ लॅटिन. आत एक पाय आहे, म्हणे,
बेडीतून सोडवलेला.
मी दोनदा वाचलं.
माझा पासपोर्ट मिधतच्या कपाटात असतो,
तिसऱ्या खणात, सुरक्षिततेसाठी.
सुटीचा अर्ज मेपासून त्याच्या टेबलावर आहे.
त्यावर मी कुठलंच क्रियापद लिहिलेलं नाही.

खोलीतला थँकचन म्हणाला, एवढ्या रात्री कुठे?
पाय मोकळे करून येतो, म्हटलं, हिंदीत,
आणि हिंदीत ते भलतंच झालं.
तो हसला, पायाला काय झालंय?

किनाऱ्यावर कुणी नव्हतं.
चार जहाजं दिवे लावून रांगेत उभी,
त्यातल्या एखाद्यावर माझंही काही असेल,
कुणीतरी पत्र लिहून घाई केलेलं.
चपला काढून हातात घेतल्या.
साडेनऊ वाजले तरी वाळू कोमट होती.
शिरोलीतही असेल.